पाचवा फाऊल

मारोती टेकाळेला क्लबात परत घ्यायचं का नाही,
यावर चौघं बोलून मोकळे झालेत.
दोन हो, दोन नको.
पाचवं मत माझं, आणि माझ्या कपातला चहा
कधीचा साय धरून बसलाय.

लुणियाशेठ म्हणाले, अडतिसाचा असला म्हणून काय,
त्याच्या नावाला अजून जालना गोळा होतं.
शिवलिंग सर म्हणाले, आणि धाराशिवला
पंचाच्या कानाखाली काढली, ती?
सेमीफायनलच्या आदल्या रात्री
नांदेडच्या संघाची बस धरली, ते?
"बस कुठली सर," कैसरभाई म्हणाले,
"त्यांनीच दिलेल्या मोटारसायकलवर गेलता."
सगळे हसले. मीही.

शोएबचं नाव कोणी काढलं नाही.
रोलिंग मिलची रातपाळी करून येतो पोरगा,
भुवयांत लोखंडाची भुकटी,
आणि आमच्याच बारा एमएमच्या सळईची जी रिंग
तीत उभा राहून शंभर बॉल टाकतो, मग झोपतो.
मारोती आला की हा बाकावर,
टॉवेल सांभाळायला.

मी दिवसा वजनकाट्यावर असतो.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक लिहायचा.
संध्याकाळी तीस वर्षं स्कोअरशीट.
प्रत्येक खेळाडूपुढं फाऊलच्या पाच चौकटी;
पाचवी भरली की माणूस बाहेर.
इतकं सोपं काम.

परभणीची फायनल. दीड मिनिट उरलं होतं.
शिट्टी वाजली, पंच टेबलाकडं वळला:
सात नंबरचा कितवा?
पेनाचं टोपण माझ्या दातात होतं.
ते काढून मी म्हणालो, चौथा.

एका गुणानं जिंकलो.
गांधी चमनपर्यंत टेम्पोवर नाचलो, गुलाल नाकातोंडात,
आणि मारोती सगळ्यांच्या खांद्यांवर.
तिथून त्यानं एकदाच माझ्याकडं बघितलं,
मग नाही.

धाराशिवच्या पंचानं खरं मोजलं होतं.
पाच म्हणजे पाच.
आता तुम्ही म्हणता, माज चढला, डोकं फिरलं.
फिरलंही असेल.
पण मोजणी वाकते, हे त्याला पहिल्यांदा
कोणी दाखवलं?
शिवलिंग सर, तुम्ही शिस्तीवर बोलत होता
तेव्हा मी कपातली साय
बोटानं एका कडेला सारत होतो.

"उद्या सांगतो" म्हणून उठलो, कोर्टावर गेलो.
तिथं मारोती.
कोणी बोलावलं नव्हतं.
गुडघ्याला पट्टा, पोट जरा सुटलेलं,
फाऊल लाईनवरून एकेक टाकत होता,
आणि रिंगखाली शोएब
बॉल परत देत होता, न सांगता,
प्रत्येक वेळी नेमका त्याच्या छातीवर.

"नाना," मारोती म्हणाला, रिंगकडंच बघत,
"तो पाचवाच व्हता."
बॉल कडेला लागून बाहेर आला.
"कोणता पाचवा?" शोएबनं विचारलं.
सांगितलं नाही कोणीच.
बॉल घरंगळत गेला लिंबाखाली,
आणि तो आणायला
मारोती स्वतः गेला, लंगडत.

रात्री पेटी उघडली.
जुन्या शीटची कार्बन प्रत, पिवळी पडलेली,
सात नंबरपुढं चार खुणा
आणि एक पांढरी चौकट,
चौदा वर्षं तशीच.
लाल पेन चालेना.
उंबऱ्याच्या फरशीवर रेघोट्या मारून चालतं केलं
आणि भरली.

साडेदहाला लुणियाशेठचा फोन.
"नाना, काय ठरलं मग? घ्यायचा का नाही?"
म्हणालो, शेठ, बाकीचं नंतर.
ऑफिसात तुमच्या खुर्चीमागं परभणीची ढाल आहे ना,
आधी ती उतरवा.

तिकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.